बिलियर्ड्सच्या टेबलावरची बेबी

वजन दोन बुलेटपेक्षा कमी, ताकद एका बुलेटच्या निम्मी आणि ड्रॉइंग काढणारा पोरगा १८ वर्षांचा! शंभर वर्षांपूर्वीच्या ‘ऑस्टिन सेव्हन’ची गोष्ट आपल्या एपीएमसी मार्केटपर्यंत कशी येते, ते बघा.

कॉलेजच्या पार्किंगमधल्या दोन क्लासिक ३५० घ्या. एकीचं वजन साधारण १९५ किलो, म्हणजे दोघींचं मिळून ३९०. आता त्याहून ३० किलो कमी वजनात एक अख्खी कार बसवून दाखवायची. चार चाकं हवीत, चार सिलिंडरचं इंजिन हवं, चारही चाकांना ब्रेक हवेत. पुढे दोन मोठी माणसं आणि मागे दोन-तीन चिल्लीपिल्ली मावायला हवीत. पाऊस आला तर ओढून घ्यायला डोक्यावर कापडी टप हवा. असा प्रोजेक्ट सरांनी फायनल इयरला दिला, तर अर्धा वर्ग तिथेच हात टेकेल.

इंग्लंडमध्ये १९२२ साली हा प्रोजेक्ट पूर्ण झाला होता. गाडीचं नाव ऑस्टिन सेव्हन, लाडाचं नाव बेबी ऑस्टिन. वजन ३६० किलो, लांबी ९ फुटांच्या आत. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. तिची ड्रॉइंग्ज काढणारा स्टॅन्ली एज हा कारखान्यातला साधा ड्राफ्ट्समन होता. वय वर्षं १८. आपल्याकडे या वयात एफवायचा फॉर्म भरायला बाबांना सोबत नेतात.

विंटेज कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाराजांच्या रोल्स-रॉईस येतात. मुंबईत विंटेज रॅली निघाली की सेल्फीसाठी गर्दीही त्यांच्याभोवतीच. त्या लांबलचक गाड्यांच्या शेजारी बेबी ऑस्टिन खेळण्यातली वाटते. पण मोटारगाडी मूठभरांच्या हातातून मास्तर, कारकून, दुकानदारांच्या दारात आणायचं काम इंग्लंडमध्ये ज्या छोट्या गाड्यांनी केलं, त्यात हिचा नंबर फार वरचा आहे. तिने ते कसं केलं, हे बघण्यासारखं आहे. कारण तोच प्रयत्न आपल्याकडे, पुण्यातल्या इंजिनीअर्सनी दोनदा केला. एकदा तो जोरदार चालला आणि एकदा फसला.

मालक हट्टाला पेटला

बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजमध्ये सर हर्बर्ट ऑस्टिन यांचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धाच्या ऑर्डर्समुळे तो अवाढव्य वाढला. युद्ध संपलं, ऑर्डर्स आटल्या आणि हाताशी उरली एक मोठी, महागडी कार. ती पुरेशी खपेना. १९२१ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली, म्हणजे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच.

ऑस्टिनसाहेबांच्या डोक्यात छोटी गाडी घोळत होती. डायरेक्टर म्हणाले, असल्या वेळी हे खूळ नको. मग साहेबांनी शक्कल लढवली. ऑफिसातून एका पोराला उचललं आणि थेट आपल्या बंगल्यावर, बिलियर्ड्सच्या खोलीत बसवलं. बिलियर्ड्सचं टेबल हाच ड्रॉइंग बोर्ड! १९२१-२२ च्या हिवाळ्यात तिथेच ही गाडी कागदावर उतरली. पैसे साहेबांच्या खिशातले, त्यामुळे पेटंटही त्यांच्या नावावर. पुढे कंपनीकडून त्यांनी प्रत्येक गाडीमागे दोन गिनी रॉयल्टी घेतली.

आता गंमत ऐका. ऑस्टिनसाहेबांना दोन सिलिंडरचं इंजिन हवं होतं. स्वस्तातल्या छोट्या गाड्यांना तेव्हा असलीच इंजिनं असत. ती खूप आवाज करायची आणि अंगातली हाडं खिळखिळी करायची. एजने मात्र हिशेब मांडून दाखवला की तेवढ्याच जागेत चार चिमुकले सिलिंडर बसतात, गाडी गुळगुळीत चालते आणि खर्चही आवाक्यात राहतो. पन्नाशीतल्या मालकासमोर १८ वर्षांच्या पोराने आपला मुद्दा लावून धरला आणि मालकाने तो मान्य केला. या गाडीचं सगळं नशीब त्या एका निर्णयावर पालटलं, असं म्हटलं तरी चालेल.

साइडकारवाल्यांची गाडी

गाडी कोणासाठी होती? तर मोटरसायकलला साइडकार जोडून फिरणाऱ्या कुटुंबासाठी. नवरा हँडलवर, बायको शेजारच्या डब्यात, मूल तिच्या मांडीवर आणि वरून इंग्लंडचा पाऊस. मोटरसायकल आणि साइडकार मिळून जेवढी जागा घेतात, तेवढ्याच जागेत मावणारी खरी कार द्यायची, हे ऑस्टिनसाहेबांचं गणित होतं.

हे चित्र आपल्याला अजिबात परकं नाही. जुलैच्या पावसात नेरूळच्या पुलाखाली उभं राहा. बाबा, पुढे उभा राहिलेला छोटू, मागे आई, दोघांच्या मध्ये दबलेली ताई आणि सगळ्यांवर मिळून एकच रेनकोट. आपल्यातल्या बहुतेकांचं लहानपण असंच स्कूटरवर गेलंय.

दुसरं गणित होतं टॅक्सचं. इंग्लंडमध्ये १९२१ पासून गाडीवर दर हॉर्सपॉवरमागे १ पौंड वार्षिक कर बसू लागला. पण ही हॉर्सपॉवर इंजिन चालवून मोजत नसत. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या एका सूत्रात टाकली की आकडा तयार. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, हे त्या सूत्रात नव्हतंच! मग कंपन्यांनी काय केलं असेल? सिलिंडर अरुंद केले आणि लांबी वाढवली. सेव्हनच्या सिलिंडरचा व्यास आधी ५४ आणि लवकरच ५६ मिलिमीटर झाला, पिस्टनचा प्रवास मात्र ७६ मिलिमीटर. गाडीच्या नावातला ‘सेव्हन’ या करातल्या हॉर्सपॉवरचा आहे.

हसू नका, आपलंही तेच चालू आहे. आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, तर त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. इतक्या गाड्यांची लांबी बरोबर ३९९५ मिलिमीटर कशी काय भरते, आणि काही सेडानची डिकी कोणी सुरीने कापल्यासारखी का दिसते, या कोड्याचं उत्तर इथे आहे. गाडीचा आकार डिझायनर ठरवतो असं आपल्याला वाटतं. त्याच्या आधी अर्थ खात्याने पट्टी लावलेली असते.

सेव्हनची सुरुवातीची किंमत १६५ पौंड. खप वाढला तशी ती उतरत गेली आणि तिशीच्या दशकात साधी मॉडेल्स शंभर पौंडांच्या घरात आली.

बॉनेट उघडू या

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, ही गाडीच इतकी सोपी आहे की कॉमर्सवाल्यांनाही कळेल.

चासी बघा. दोन लोखंडी पट्ट्या पुढे एकत्र आणि मागे फाकलेल्या, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या. पुढच्या चाकांसाठी एकच आडवा पाटा, ‘ए’च्या टोकाला बसवलेला. मागे तर आणखी कंजूषपणा. चासी मागच्या ॲक्सलच्या आधीच संपते आणि तिच्या दोन टोकांतून पाट्यांचे छोटे तुकडे बाहेर येतात, त्यांच्यावर ॲक्सल. लोखंड वाचलं, वजन वाचलं, पैसे वाचले. मात्र वळणावर गाडी कलली की मागचा ॲक्सल स्वतःच थोडा तिरका होतो, म्हणजे मागची चाकंही आपल्या मर्जीने ‘स्टिअर’ करतात. या गाडीत जोरात वळण घ्यायचं म्हणजे काय, ते समजून घ्या.

इंजिन ७४७ सीसीचं. पहिल्या काही गाड्यांना ६९६ सीसीचं होतं. क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन, पुढे एक आणि मागे एक. मध्ये काहीच नाही. त्यामुळे इंजिन जोरात फिरवलं की शाफ्ट मधून चक्क लवायचा. तिसरं बेअरिंग यायला १९३६ उजाडलं. वॉटर पंप नाही. गरम पाणी वर चढतं आणि थंड पाणी खाली बसतं, या शाळेत शिकलेल्या नियमावर पाणी रेडिएटरमधून आपसूक फिरतं. पेट्रोल पंपही नाही. टाकी बॉनेटखालीच, इंजिनापेक्षा उंच. पेट्रोल घरच्या टाकीतल्या पाण्यासारखं वरून खाली येतं. थोडक्यात, बिघडू शकणारे भाग आधीच कमी केलेत.

ताकद किती? साधारण १० हॉर्सपॉवर, तीही २४०० आरपीएमला. क्लासिक ३५० निम्म्याहून कमी सीसीमध्ये २० देते. हा फरक शंभर वर्षांच्या इंजिनीअरिंगचा आहे. तेव्हाचं पेट्रोल हलकं, त्यामुळे कॉम्प्रेशन अगदी कमी ठेवावं लागे. व्हॉल्व्हही सिलिंडरच्या बाजूला असत, त्यामुळे इंजिनाला मोकळा श्वास घेता येत नसे.

तरीही सपाट रस्त्यावर ती ताशी ७५-८० किलोमीटरपर्यंत जायची आणि लिटरला १४ ते १७ किलोमीटर द्यायची. १० हॉर्सपॉवरमध्ये हे कसं जमलं? ओढायला वजनच नव्हतं म्हणून. १९२३ मध्ये ऑस्टिनसाहेबांचे जावई आर्थर वेट यांनी ही गाडी इटलीतल्या मोंझाला नेली आणि छोट्या गाड्यांची ग्रां प्री जिंकून आणली. टिंगल करणारे बरेचसे तिथे गप्प झाले.

समजा, ती पाम बीच रोडवर आली तर?

मनातल्या मनात एक फेरी मारू या. अरेंजा कॉर्नरवरून निघायचं आणि बेलापूरच्या किल्ले गावठाणापर्यंत जायचं.

पहिल्या बॅचची गाडी असेल तर स्टार्टर नाही. हँडल मारा. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, तो इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा कामातून जातो. इंजिन लागलं? आता क्लच. या गाडीचा क्लच बदनाम आहे. पेडल जेमतेम थोडंसं हलतं. तेवढ्यात तो एक तर सुटलेला असतो, नाही तर पूर्ण लागलेला. आपण वाशीच्या सिग्नलला करतो तो ‘हाफ क्लच’ इथे विसरा. शिकाऊ ड्रायव्हरची गाडी कांगारूसारखी उड्या मारत निघते.

गिअर तीन. सिंक्रोमेश नाही, म्हणून खालचा गिअर टाकताना जुन्या ट्रक ड्रायव्हरसारखा डबल क्लच मारायचा. नाही तर गिअरबॉक्स असा करकरेल की टी. एस. चाणक्यच्या खाडीतले फ्लेमिंगो उडतील.

तोपर्यंत सीवूड्सचा सिग्नल लाल झालाय. आता ब्रेक. चारही चाकांना ब्रेक आहेत, १९२२ च्या स्वस्त गाडीसाठी ही मोठीच चैन. पण पायाने दाबला की मागचेच लागतात. पुढचे हवे असतील तर हाताने लिव्हर ओढायचा! दोन्ही एकत्र जोडले गेले १९३० मध्ये. म्हणजे एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात ब्रेक, आणि शेजारून ताशी शंभरने जाणारी एसयूव्ही. या गाडीत पुढच्या शंभर मीटरचा विचार आधीच करावा लागतो.

बेलापूरला पोहोचल्यावर पारसिक हिलवर चढवायची हौस आली, तर पहिला गिअर, धीर आणि पाण्याची बाटली. मे महिना असेल तर बाटल्या दोन. पाणी फिरवायला पंप नसल्याने चढावर रेडिएटर लवकर तापतो.

मग लोकांना ती का आवडायची? कारण चालवणाऱ्याला गाडीत काय चाललंय ते सगळं कळायचं. हात, पाय आणि कान तिन्ही कामाला लागायचे. ताशी ५० ला सुद्धा उडतोय असं वाटायचं. आणि गाडी बिघडली तर साधे पाने घेऊन घरच्या अंगणात दुरुस्त करता यायची.

गॅरेजमधली शाळा

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या सेव्हन कवडीमोलाने मिळू लागल्या आणि त्या पोरांच्या हाती पडल्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इंजिनीअरिंग शिकणाऱ्या कॉलिन चॅपमनने गर्लफ्रेंडच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या सेव्हनची बॉडी उतरवली आणि १९४८ मध्ये स्वतःची गाडी बनवली. ती पहिली ‘लोटस’. वजन कमी करत राहणं हाच या माणसाचा आयुष्यभराचा मंत्र ठरला आणि त्याच्या जोरावर लोटसने फॉर्म्युला वन गाजवलं. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन नावाच्या पोराने वडिलांच्या गॅरेजमधल्या जुन्या सेव्हनवर वयाच्या पंधराव्या वर्षी पहिली शर्यत केली. आज आपण ज्या पपाया रंगाच्या मॅक्लारेनसाठी रविवारी रात्री जागतो, तिचा संस्थापक हाच.

ॲलेक इसिगोनिस या तरुण इंजिनीअरनेही सेव्हनवरच हात साफ केला आणि स्वतःची हलकी रेसिंग कार बनवली. पुढे त्याने डिझाइन केल्या मॉरिस मायनर आणि १९५९ ची मिनी. यातली मॉरिस मायनर पन्नाशीच्या दशकात भारतात आली ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने. ती जोडणारी हिंदुस्थान मोटर्स पुढे मॉरिस ऑक्सफर्डवरून ॲम्बेसेडर बनवू लागली. म्हणून कोलकात्याची टॅक्सी ब्रिटिश वंशाची, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली आपली काळी-पिवळी पद्मिनी इटालियन, फियाटची.

आणि बीएमडब्ल्यू? या कंपनीने १९२८ मध्ये आयझेनाखचा कारखाना विकत घेतला. तिथे परवाना घेऊन सेव्हनच बनत होती. म्हणजे बीएमडब्ल्यूचा बिल्ला लागलेली पहिली कार मुळात बेबी ऑस्टिन! ग्रुपवर ‘बीमर’ची स्टोरी टाकणाऱ्या मित्राला हे नक्की सांगा.

छोटा हत्ती आणि नॅनो

आता येऊ या आपल्याकडे. तुर्भ्याला एपीएमसी मार्केटच्या गेटवर पहाटे उभे राहिलात, तर सेव्हनचं खरं नातेवाईक दिसेल. त्याला कोणी विंटेज म्हणणार नाही. तो आहे छोटा हत्ती, म्हणजेच टाटा एस.

टाटा मोटर्सने तो मे २००५ मध्ये आणला. पुण्यात तयार झालेल्या या प्रोजेक्टचे प्रमुख होते गिरीश वाघ. गणित बरोबर ऑस्टिनसाहेबांचं होतं, फक्त साइडकारच्या जागी मालवाहू तीनचाकी रिक्षा आली. तीनचाकीच्या आवाक्यातल्या लोकांना चार चाकांचा खरा ट्रक द्यायचा. इंजिनासाठी इंडिकाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन चक्क अर्धं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, ताकद साधारण १६ हॉर्सपॉवर. पण केबिन पूर्ण, दरवाजे पूर्ण, स्टिअरिंग गोल. भाजीवाला, पाणीवाला, मंडपवाला स्वतःच्या ‘गाडी’चा मालक झाला. आजवर २० लाखांहून जास्त छोटे हत्ती विकले गेलेत.

त्यानंतर याच वाघांच्या हाताखाली नॅनो तयार झाली. स्कूटरवरून भिजत जाणारं चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलेली गाडी. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती दिसली आणि जग थक्क झालं. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, वजन ६०० किलोंच्या आसपास, किंमत १ लाख. सेव्हनसारखाच प्रत्येक नट मोजलेला. चाकाला चारऐवजी तीनच नट, काचेला एकच वायपर. इंजिनीअरिंग म्हणून बघाल तर सलाम ठोकावा असं काम.

पण ती चालली नाही. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती आणि सगळ्यात चांगल्या वर्षी विकल्या गेल्या सुमारे ७४ हजार. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. कारणं अनेक दिली जातात. सिंगूरहून कारखाना हलवण्यात गेलेला वेळ, काही गाड्यांना लागलेल्या आगी, वाढत गेलेली किंमत. पण सगळ्यात जास्त नडलं ते ‘जगातली सगळ्यात स्वस्त कार’ हे बिरुद, आणि रतन टाटांनीही पुढे हे बोलून दाखवलं. आपल्या सोसायटीत आठवून बघा. नॅनो घेणाऱ्या काकांचं अभिनंदन किती जणांनी केलं आणि ‘रिक्षा घेतली का?’ म्हणून किती जण हसले?

इथे एजच्या त्या हट्टाचा अर्थ कळतो. ऑस्टिनसाहेबांचं ऐकून दोन सिलिंडरचं खडखडणारं इंजिन बसवलं असतं, तर सेव्हन थोडी स्वस्त झाली असती आणि साइडकारवाल्याला आपण अजून साइडकारमध्येच बसलोय असं वाटत राहिलं असतं. चार सिलिंडर आणि चारही चाकांना ब्रेक मोठ्या गाड्यांना शोभणारे होते. फक्त आकार छोटा केला होता. ऑस्टिनच्या जाहिरातींचाही भर ती बारकी का होईना पण खरी मोटार आहे, यावर होता. गाडी लहान होती, पण तिच्यातून उतरणाऱ्या माणसाला लहान वाटत नव्हतं. छोट्या हत्तीने हे साधलं. नॅनो गाडी म्हणून पूर्ण होती, पण आपण सगळ्यांनी मिळून तिच्यावर ‘गरिबांची’ असा शिक्का मारला. गरिबांची म्हणून मिरवलेली गाडी कोणाला हवी असते? ज्याला ती परवडते, त्याला तर मुळीच नाही.

मग आपलं काय?

हा प्रश्न नॉस्टॅल्जियाचा नाही. चार-पाच वर्षांत आपल्यातले बरेच जण नोकरीला लागतील आणि घरात पहिली किंवा दुसरी कार येईल. शोरूममध्ये जी उंच, रुंद गाडी समोर येईल, तिचं वजन सव्वा ते दोन टन असेल. रोज तिच्यात बसणार किती जण? बहुतेक वेळा एक.

नवी मुंबईच्या जुन्या सिडको सेक्टरमध्ये रात्री दहानंतर एक चक्कर मारा. त्या गल्ल्या आखल्या तेव्हा घरटी कार येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आता दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून रुग्णवाहिका जाईल का, अशी शंका येते. बेबी ऑस्टिन साधारण २.७ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद होती. आजच्या एका मोठ्या एसयूव्हीपेक्षा तिला कितीतरी कमी जागा लागेल.

अर्थात, १९२२ ची गाडी आज कोणी बनवू नये. तिच्यात सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, धडक बसली तर पत्रा आणि तुम्ही यात फारसं अंतर नाही. आजच्या गाड्यांच्या वाढलेल्या वजनातला बराचसा भाग जीव वाचवण्यासाठीच आहे आणि तो हवाच. पण उरलेलं वजन कशासाठी आहे, हे विचारायला काय हरकत आहे? इलेक्ट्रिक गाड्यांच्या काळात तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. गाडी जड म्हणून बॅटरी मोठी, आणि बॅटरी मोठी म्हणून गाडी आणखी जड, या चक्रातून बाहेर काढायला पुन्हा एखादा स्टॅन्ली एज लागणार आहे. तो ऐरोलीच्या, नेरूळच्या किंवा खारघरच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजात आत्ता केटी सोडवत बसला असेल, कोण जाणे.

जुनी गाडी पाळायचीय?

● विंटेज म्हणजे किती जुनी? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी. म्हणजे आजोबांची लँब्रेटाही बसू शकते. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

● नंबर प्लेट : नव्याने विंटेज नोंदणी केली तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो.

● फी : नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणी ५ हजार रुपये.

● रोज कॉलेजला नेता येईल? नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी.

● पेट्रोलची काळजी : पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब करतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा.

● खिशात पैसे नसतील तर? विंटेज रॅलीला जा. महाराजांच्या गाडीसोबत सेल्फी झाला की रांगेच्या टोकाला उभ्या छोट्या गाडीकडे वळा आणि मालकाला बॉनेट उघडायची विनंती करा. जुन्या गाडीवाल्यांना आपल्या गाडीबद्दल बोलायला मनापासून आवडतं. फक्त तासभर हाताशी ठेवा, त्याआधी तुमची सुटका नाही!